बर्फाच्या गावाची निवड

हिंडलग्याच्या माणसाला थंडी ठाऊक असते, बर्फ ठाऊक नसतो. मार्गशीर्ष-पौषात पहाटे वेंगुर्ला रस्त्यावर धुके उतरते, दूधवाले कानटोप्या घालून निघतात, दहिवराने कौले ओली होतात आणि यालाच आम्ही कडाक्याची थंडी म्हणतो. हवा पालटायची तर आंबोली गाठावी, ही इथली रीत. गंमत अशी की, बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आणि आंबोली 700 मीटरच्या आत. म्हणजे थंड हवेसाठी आम्ही चढत नाही, उतरतो! अशा प्रदेशातल्या कुटुंबाने बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी डोंगरातले गाव निवडायचे म्हटले, म्हणजे काय काय विचार करावा लागतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

भाषेचे अध्यापक या नात्याने आमची पहिली अडचण शब्दाची. पावसासाठी आपल्याकडे भुरभुर, रिपरिप, झड, मुसळधार असे शब्दच शब्द आहेत. परंतु सरबतात टाकतो तो बर्फ आणि आभाळातून कापसासारखा उतरतो तोही बर्फच. ‘हिम’ हा शब्द आहे खरा, पण तो पुस्तकातच राहिला; चुलीपाशी कधी आला नाही. जे आपल्या अंगणात पडत नाही, त्यासाठी भाषा तरी शब्द का झिजवील?

तथापि हिमालयाची ओढ या मातीला नवी नाही. काका कालेलकर 1908 साली बेळगावच्या गणेश विद्यालयात होते. पुढे बडोद्याचे गंगनाथ विद्यालय बंद पडल्यावर 1912 साली ते हिमालयात पायी हिंडले. आमची महत्त्वाकांक्षा त्या मानाने अगदीच बेताची. कन्येचा विवाह येत्या वैशाखात ठरला आहे. चौघांनी एका घरातून निघून एका घरात परतण्याचा हा अखेरचा हिवाळा. “लग्नाआधी एकदा बर्फ पाहायचा,” एवढेच तिने मागितले. स्कीइंगचा आग्रह चिरंजीवांचा, आणि “माझ्या गुडघ्यांचे काय?” हा प्रश्न सौभाग्यवतींचा.

पहिला विचार पंचांगाचा नव्हे, शाळेच्या वेळापत्रकाचा. कर्नाटकात सरकारी शाळांना मोठ्या सुट्या दोनच, दसऱ्याची आणि उन्हाळ्याची. बर्फ भरवशाचा पडतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा दहावीचा वर्ग परीक्षेच्या तोंडावर असतो. मुख्याध्यापकाने त्या वेळी शाळा सोडून घसरपट्टी खेळायला जावे, हे आमच्या मनाला पटेना. उरला डिसेंबरचा अखेरचा आठवडा. तोही रजा काढून, आणि बर्फ कच्चा असण्याची शक्यता धरून.

आता गाव. तिघांची नावे घरात निघाली. चिरंजीवांचे मत गुलमर्गला. ते सुमारे 2,650 मीटर उंचीवर. तिथली गोंडोला अफरवतच्या खांद्यावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेते. स्कीइंग शिकवणारी सरकारी संस्था तिथे 1968 पासून आहे. उतारांत भारतात ते अव्वल, यात वाद नाही. परंतु वरचे उतार मुरलेल्यांसाठी. आणि 2024 च्या जानेवारीत ऐन चिल्लई कलानमध्ये तिथेही जमीन कोरडी पडली होती. शिवाय 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळ 26 माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातली होती, कर्नाटकातलीही होती. ते चित्र सौ.च्या डोळ्यांपुढून हलत नाही. भीतीला आकडे सांगून समजावता येत नाही, आणि समजावूही नये.

दुसरे औली. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांनी ते नावारूपाला आले. नंदादेवीचे दर्शन हा वर प्रसाद. परंतु 2023 च्या जानेवारीत पायथ्याच्या जोशीमठात जमीन खचली, घरांच्या भिंतींना भेगा गेल्या आणि औलीचा रोपवेही थांबवावा लागला. ज्या गावात लोक आपल्याच घरात निजायला धजत नव्हते, तिथे मौजेसाठी जाताना आमचे पाऊल अडखळले.

तिसरे मनालीजवळचे सोलंग. उंची सुमारे 2,500 मीटर, खालचा उतार नवशिक्याला मानवेल असा. डिसेंबरात बर्फ नसला तर? त्याला तोड आहे. 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला, की पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूच्या बाजूला तीन हजार मीटरवर बर्फ मिळण्याचा संभव अधिक. मात्र तोच रस्ता बर्फ पडताच निसरडा होतो. 2024 च्या डिसेंबरात तिथे शेकडो गाड्या रात्रीपर्यंत अडकल्या होत्या.

याच सुमारास मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले शेजारचे सुभेदार घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी आमच्या नकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, “सर, बर्फ बघा, पण सकाळी जा आणि दुपारी परत फिरा. तो आपला मित्र नाही.” त्यांच्या तोंडून हे ऐकताना आम्हांस धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद आठवले. 2016 च्या फेब्रुवारीत सियाचीनवर सहा दिवस हिमाखाली राहून ते जिवंत सापडले आणि दिल्लीच्या रुग्णालयात निवर्तले. आपल्या भागातल्या कित्येक घरांनी बर्फ पाहिला तो असा, मुलाच्या पत्रातून किंवा तारेतून. सहलीची पिशवी भरताना याचे स्मरण असलेले बरे.

निवड झाली ती सोलंगची. उंचीने, नावाने वा उतारांनी ते पहिले नव्हे. परंतु चौघांतल्या प्रत्येकाला तिथे काही करता येईल. चिरंजीव पाय बांधून पडतील नि उठतील, सौ. उन्हात खुर्चीवर बसतील. आम्ही रस्त्यावर लक्ष ठेवू. गोवा एक्सप्रेसने दिल्ली, पुढे रात्रीची बस. जाण्यायेण्यातच सहा रात्री खर्ची पडणार. हिशेबी माणूस याला उधळपट्टी म्हणेल. आम्ही त्या सहा रात्रीच अधिक मोलाच्या धरल्या आहेत, कारण वैशाखानंतर आमच्या डब्यात एक बाक रिकामा असेल. बर्फ पडला तर तो आहेरच समजायचा.