बोलीचा हेल : बेळगाव ते कुपवाड

बेळगावहून मिरजेला जाणारी पॅसेंजर गाडी ही घाईच्या माणसाची गाडी नव्हे. सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, चिंचली, कुडची, उगार अशी एकेका गावाची विचारपूस करीत ती रमतगमत जाते. खिडकीबाहेर ऊस, ज्वारी आणि काळी माती यांखेरीज डोळ्यांना फारसे काही नाही. या वाटेवर पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे अधिक आहे. डब्यात चढणारा माणूस मराठी बोलणार की कानडी, हे शब्दांवरून कळण्याआधी त्याचा हेल कानावर येतो. आणि मौज अशी की, कित्येकदा दोन्ही भाषांना हेल एकच असतो.

आमच्या गावाचे नाव घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते अधिकृतपणे ‘बेळगावि’ झाले. त्यावरचा वाद बाजूला ठेवून केवळ उच्चाराकडे पाहिले, तर त्या एका नावात दोन भाषांचा स्वभाव उतरलेला दिसतो. मराठीला शेवटचा ‘अ’ गिळण्याची खोड आहे; आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. कानडीला शब्द स्वरावर टेकल्यावाचून चैन पडत नाही. बसचे ती ‘बस्सु’ करते, रोडचे ‘रोडु’ करते. सरकारी मराठी शाळांतून कानडी वाचताना आमची मुले झाड या अर्थाचा ‘मर’ हा शब्द मराठी वळणाने ‘मर्’ असा वाचतात, आणि वर्गात जो हशा पिकतो तो आवरण्यास मास्तरांना दोन मिनिटे लागतात.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. कानडीत ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ हे दोन निराळे स्वर आहेत. ऱ्हस्व उच्चारलेले ‘बेळे’ म्हणजे पीक आणि दीर्घ उच्चारलेले ‘बेळे’ म्हणजे डाळ. मराठी कानाला हा भेद जाणवत नाही. म्हणून मराठी गृहिणी वाण्याकडे जाऊन दोन्हींसाठी एकच शब्द उच्चारते. वाणी शहाणा असतो, तो डाळच देतो. उलट बाजूने पाहिले, तर ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतले दोन निराळे ‘ज’ कानडी घरातून आलेल्या मुलाच्या जिभेवर बसण्यास काही वर्षे जातात, कारण त्यांतला दुसरा ‘ज’ त्याच्या घरच्या भाषेत नाही.

असे उच्चार मास्तरांनी सुधारावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तेथे अर्थाचा प्रश्न असतो. परंतु हेलाचे काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक मुलगी महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरात वक्तृत्व स्पर्धेला गेली होती. विषय उत्तम मांडला, शब्द स्वच्छ, एक ‘ण’ चुकला नाही. परीक्षकांनी शेरा लिहिला : ‘हेल कानडी वाटतो.’ गुण कापले गेले. पोर रडली नाही. मात्र पुढे बरेच दिवस वर्गात उत्तर द्यायला उभी राहिनाशी झाली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून हा अनुभव नवा नाही. इंदूरच्या सुनेला पुण्यात आणि हैदराबादच्या जावयाला नागपुरात तो कमीअधिक प्रमाणात येतोच.

हेल म्हणजे बोलताना आवाज कोठे चढतो, कोठे उतरतो, आणि चढाचे शिखर कोणत्या अक्षरावर येते याची घडण. गेल्या काही दशकांत यंत्रांच्या साहाय्याने तिची बारकाईने मोजणी झाली आहे, आणि द्वैभाषिकांविषयी त्यातून जे निघाले ते आपल्याला दिलासा देणारे आहे. इनेके मेनन या विदुषीने ग्रीक उत्तम बोलणाऱ्या पाच डच माणसांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही भाषांत वाक्यारंभी आवाज चढतो. पण ग्रीकमध्ये त्या चढाचे शिखर थोडे उशिरा येते, डचमध्ये लवकर. पाचांपैकी चौघांच्या ग्रीकमध्ये डच हेल शिरला होता, यात नवल नाही. नवल याचे की, त्याच चौघांची मातृभाषाही बदलली होती. शिकलेल्या भाषेने मागे वळून जन्मभाषेच्या सुरावटीला हात घातला होता. दोन्ही हेल निर्भेळ राखणारा पाचांत एकच निघाला.

त्याच वर्षी ब्वेनोस आयरेस शहराच्या स्पॅनिशविषयी कोलान्तोनी आणि गुर्लेकियान यांचा अभ्यास आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे इटालियन लोक मोठ्या संख्येने येऊन राहिले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी इटालियन भाषा टाकली, स्पॅनिश धरली. परंतु त्या शहराच्या स्पॅनिशचा हेल आजही इतर स्पॅनिशपेक्षा इटालियनकडे झुकलेला आहे. शब्द गेले, व्याकरण गेले, सूर राहिला. जर्मनीत वाढणाऱ्या तुर्की मुलांविषयी रॉबिन क्वीन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, त्या मुलांजवळ आवाज चढविण्याच्या दोन तऱ्हा आहेत, एक जर्मन वळणाची व एक तुर्की वळणाची, आणि गोष्ट सांगताना ती त्या दोहोंचा निरनिराळ्या कामांसाठी उपयोग करतात. म्हणजे ज्याला आपण भेसळ म्हणतो, ती त्या मुलांच्या हाती दुहेरी साधन होऊन बसली आहे.

असो. आपण गाडीत होतो. सुळेभावीच्या लहानशा फलाटावर फारसे कोणी उतरत नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये याच गावी झाला. घरची भाषा कानडी. गायिले मराठी, हिंदी, माळवी. गदगच्या भीमसेन जोशींचे अभंग ऐकताना डोळे मिटणाऱ्या महाराष्ट्राने त्यांच्या घरी कोणती भाषा बोलतात हे कधी विचारले नाही. आणि धारवाडचे द. रा. बेंद्रे, ज्यांना १९७३ चे ज्ञानपीठ कानडी काव्यासाठी मिळाले, त्यांच्या घरात मराठी नांदत होती. गाण्यात आणि कवितेत जे आपल्याला गोड लागते, ते बोलण्यात आले की परीक्षक गुण कापतात, हे माझ्या बुद्धीला उमगत नाही.

चिंचलीला मायाक्काच्या यात्रेच्या दिवसांत डबा ओसंडून वाहतो. इतर वेळीही तेथे चढणाऱ्या बायाबापड्या एक वाक्य कानडीत आरंभून मराठीत संपवितात. कानडीत जेवणाची चौकशी करताना ‘ऊट आतेन्री?’ म्हणतात. त्यातल्या ‘एन’चा मूळ अर्थ ‘काय’, आणि ‘री’ आदराचा. आमच्याकडची मराठी विचारते : ‘जेवण झालं काय वो?’ काय तेथेच, आदर तेथेच, आणि आवाजाचा उचलाही तेथेच. पुण्याच्या ‘झालं का?’ या आखूड प्रश्नापुढे हा लांबविलेला प्रश्न अघळपघळ वाटत असेल. पण त्यात पाहुण्याला ताटावर बसविण्याची तयारी ऐकू येते.

कुडची सोडली की कृष्णेचा पूल, मग उगारच्या साखर कारखान्याचा मळीचा वास, शेडबाळ, आणि पुढे राज्याची हद्द. स्थानकाच्या पाटीवरची कानडी जाऊन मराठी येते. कान मात्र हद्द ओळखीत नाहीत. मिरजेत उतरलो तेव्हा रिक्षावाल्यांचा हेल तोच होता. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत, जेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, एक कारागीर जवारी लावीत बसला होता. घोडीचा माथा केसभर घासला की तार तीच राहते, स्वर तोच राहतो आणि नाद पालटतो. हेलाविषयी इतके नेमके मला कोणत्याही ग्रंथाने सांगितले नव्हते.

मिरजेपासून कुपवाड जवळच आहे. भाषाशास्त्राच्या पुस्तकांतून या गावाचे नाव जगभर गेले आहे, हे तेथील फार थोड्यांना ठाऊक असावे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावातील कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू यांचा शेजार वर्णिला. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलून या भाषांची वाक्यरचना इतकी जुळून आली होती की, एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत मांडता येई, असे त्यांना आढळले. सुमारे चाळीस वर्षांनी सोनल कुलकर्णी-जोशी यांनी या गावाची पुन्हा पाहणी केली, तेव्हा जुन्या निष्कर्षांना काही ठिकाणी मुरड घालावी लागली. शास्त्र असेच पुढे जाते.

याच गम्पर्झ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधील एका विमानतळावरच्या उपाहारगृहाची हकिकत दिली आहे. तेथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढताना ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द विचारीत, पण शेवटी आवाज उतरवून. इंग्रज कानाला प्रश्न म्हणून चढता सूर हवा असतो. उतरत्या सुरात त्याला ‘हवी तर घ्या’ असा उद्धटपणा ऐकू येई. कामगार चिडत, बायकांना वाटे आपला दुस्वास होतो आहे. दोन्ही पक्षांना ध्वनिफीत ऐकवून भेद समजावून दिल्यावर तेढ निवळू लागली. ध्यानात घ्यावे की, तेथे केवळ बायकांनाच शिकविले गेले नाही. ऐकणाऱ्यांनाही शिकविले गेले.

म्हणून मुलांना मी हेल टाका असे सांगत नाही. परक्या गावी तो कसा ऐकला जातो, एवढे समजावून देतो. त्या वक्तृत्वाच्या मुलीला तर तिचेच भाषण ध्वनिमुद्रित करून ऐकविले. ‘सर, हे तर आमच्या आजीसारखं आहे,’ ती म्हणाली.

कुपवाड आता खेडे राहिलेले नाही. १९९८ पासून ते सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेत आहे, औद्योगिक वसाहतीच्या मालमोटारी रस्त्यावरून धुरळा उडवीत जातात. बाजारातल्या एका दुकानासमोर मी बसची वाट पाहत उभा होतो. एका बाईने मराठीत तांदळाचा भाव विचारला, मागे वळून लेकीला कानडीत काही सांगितले, आणि पुन्हा मराठीत घासाघीस सुरू केली. दुकानदार तिला उर्दू वळणाच्या मराठीत उत्तरे देत होता. दोघांचाही आवाज वाक्याच्या शेवटी एकाच जागी चढत होता. भाव जमला, तांदूळ मोजला गेला, आणि माझी बस आली.