ब्रेकमधली हवा



स्पोर्ट्स कार म्हटलं की पोस्टरवरची लाल फेरारी आठवते. पण आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये त्या जातीची जी काही गाडी खरोखर उभी राहिली, ती म्हणजे फियाट पालिओ १.६. दिसायला साधी हॅचबॅक, पण २००१ साली आली तेव्हा पोटात शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर घेऊन आली. मायलेजचा हिशोब करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. माझ्या मित्राच्या बाबांनी अशी एक २००३ साली घेतली. घरचे सगळे सांगून थकले, पण ते विकत नाहीत. पार्ट शोधायला आता अर्धी जुना बाजारपेठ पालथी घालावी लागते, तरी नाही!

मित्राचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. श्रावणात आईबाबांना भीमाशंकरला न्यायचं, येताना जुन्नरकडे वळून ओझर-लेण्याद्री करायचं आणि जमलंच तर ओतूरवरून माळशेज, असा बेत. म्हणजे पाऊस, धुकं, वळणं आणि उतार, सगळं एकदम. त्याआधी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही कॅलिपर खोलून नवे सील टाकून घेतले होते. गाडी परत आली तेव्हापासून पेडल स्पंजी. पहिल्यांदा दाबलं की जवळजवळ तळाला, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि छान कडक. दोन मिनिटं थांबा, पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने तीनदा हवा काढून दिली, वर ऐकवलं, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच."

मित्राचं म्हणणं, "अरे दोनदा दाबलं की लागतो ना!"

लागतो, खरंय. पण ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दुसऱ्यांदा दाबण्यात अर्धा सेकंद गेला तरी आठ मीटर गेले, म्हणजे दोन गाड्यांची लांबी. खेड घाटात पुढच्या ऊसाच्या ट्रॉलीला हा हिशोब समजावून सांगायला वेळ मिळत नाही. आणि मागच्या सीटवर त्याचे आईबाबा असणार होते.

थोडी थिअरी. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, म्हणूनच पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते. पाइपात बुडबुडा असला की पायाचा निम्मा प्रवास तो बुडबुडा पिळण्यातच जातो. पण पेडल खाली जाण्याचं कारण दर वेळी हवाच असते असं नाही. मागच्या ड्रममध्ये लायनर आणि ड्रम यांच्यात फट वाढली असेल तरी पेडल खोल जातं आणि दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बसत गेलं, तर संशय मास्टर सिलिंडरच्या वायसरवर. हा वायसर तर हवा काढतानाच जाऊ शकतो! रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या एका ठराविक भागातच फिरतो, पुढच्या भागात गंज साठतो. हवा काढताना पेडल पार तळापर्यंत हाणलं की जुना वायसर त्या गंजावर घासून फाटतो. म्हणून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून काम करावं.

शनिवारी आम्ही हळूहळू मंचरपर्यंत आलो आणि तिथल्या एका मिस्त्रींकडे गाडी लावली. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. त्यांनी आल्याआल्या हवा काढायला घेतली नाही, हे मला फार आवडलं. गुळगुळीत तोंडाचे क्लॅम्प काढून चाकांकडे जाणारे रबरी होस पाइप एकेक करून दाबून बंद केले आणि दर वेळी मित्राला पेडल दाबायला लावलं. मागचे बंद, काही फरक नाही. पुढचे दोन्ही बंद, पेडल दगडासारखं! म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष, मागचे ड्रम निर्दोष, लफडं पुढच्या चाकांत. आपण ऑफिसात बग शोधताना अर्धा कोड बंद करून बघतो, तेच हे.

मग चाक काढलं, खाली वाकून पाहिलं आणि मिस्त्री हसले. "सायेब, हवा वर जाती का खाली?"

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता! बोल्ट बसतात, पॅड बसतात, सगळं चालतं. फक्त हवा काढायचा निपल वर असायचा तो खाली येतो. मग तीनदा काय, तीनशेदा हवा काढा, तेल खालून निघणार आणि बुडबुडा वर आरामात बसून राहणार.

खात्री करायला त्यांनी आधी पाइप न सोडता कॅलिपर जागेवरून काढला, पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून पॅडमध्ये लाकडाची फळी घातली, निपल वर केला आणि हवा काढली. पारदर्शक नळीतून बुडबुड्यांची रांगच निघाली. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. पेडल कडक!

मित्र म्हणाला, "झालं की मग, काका, बसवा तसंच."

मिस्त्री म्हणाले, "आन् पुढच्या वेळी?"

दोन्ही कॅलिपर अदलाबदल करून, नवं डॉट ४ ऑइल भरून सगळं पुन्हा करायला तीन तास गेले. भीमाशंकर रविवारवर ढकललं, माळशेज रद्द.

ऑइल बदलणं फालतू खर्च नव्हे. ते हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान १५५ वर येतो. माणसं धरून १३०० किलोची गाडी ३०० मीटर उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात बारा लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ती सगळी ब्रेकच्या माथी मारली तर आतलं ओलं ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल पुन्हा तळाला. म्हणून उतारावर गिअर खालचाच.

निघण्याआधी मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल जोरात दाबून धरायला लावलं, चारी चाकांशी गळती पाहिली आणि मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात दहाएक ब्रेक मारायला लावले. मगच पैसे घेतले. बाबांनी मात्र तेवढ्याने ऐकलं नाही. रविवारी घोडेगावातून निघताना त्यांनी आधी स्वतः ड्रायव्हर सीटवर बसून पेडल एकदाच दाबलं, मान डोलावली, आणि मग मागे जाऊन बसले.