नागपूरची आग, मुंबईचा बंब

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांनी मान टाकली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. एमटीएनएलचा जुना तांब्याच्या तारेवरचा फोन अशा वेळी चालू राहतो, कारण त्याला ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळतात. ऑफिसातल्या आयपी फोनला तसा वाली नाही. तो नेटवर्कच्या स्विचमधून वीज घेतो, आणि स्विचला यूपीएस नसेल तर टेबलावर नुसते प्लॅस्टिक उरते.

वीज असली तरी दुसरा धोका उरतो, तो जोडणीचा. समजा, एखाद्या कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत नाहूरला आहे आणि शाखा पुणे, नाशिक, नागपूरला. पूर्वी प्रत्येक शाखेत अंतर्गत फोन जोडणारा वेगळा ईपीएबीएक्स असे आणि त्याचा वेगळा वार्षिक देखभालवाला. आता नाहूरला एकच सर्व्हर, चार आकडे फिरवले की नागपूरचे टेबल वाजते. जी.७११ पद्धतीच्या आवाजाला ६४ केबीपीएस लागतात, जी.७२९ला अवघे ८. पॅकेटांचा पसारा धरला तरी परवडते.

मग रस्ता खोदला जातो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याची कामे पाहणाऱ्या नाहूरकरांना जेसीबी आणि फायबर यांचे नाते समजावून सांगायला नको. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेऊनही धोका टळतोच असे नाही. दोन्ही एकाच डक्टमधून आल्या असतील, तर जेसीबी भेदभाव करत नाही.

म्हणून शाखेत एक छोटा कारभारी ठेवतात. सिस्कोच्या एसआरएसटी या सोयीत नाहूरचा सर्व्हर दिसेनासा झाला की नागपूरचे फोन तिथल्याच राउटरकडे नोंदणी करतात आणि स्थानिक पीआरआयवरून, म्हणजे तीस वाहिन्यांच्या लाइनवरून, बाहेर पडतात. मुख्य सर्व्हरच्या काही खास सोयी तेवढ्या वेळापुरत्या जातात, घंटी मात्र वाजते. मेख वेळेची आहे. नोंदणीची मुदत तासाभराची ठेवली, तर सर्व्हर गेल्याचा पत्ता फोनला फार उशिरा लागतो. तोवर बाहेरचा कॉल टेबलापर्यंत येतच नाही.

स्थानिक लाइन फक्त बिघाडापुरती असते, हा समजही चुकीचा. नागपुरात आग लागली, कुणी १०१ फिरवला आणि सगळे कॉल नाहूरच्या ट्रंकवरून, म्हणजे तिथल्या बाहेरच्या लाइनीवरून, जात असतील, तर फोन मुंबई अग्निशमन दल उचलेल. आपत्कालीन क्रमांक रोजच शाखेतून बाहेर पडले पाहिजेत.

भारतात कॉल शाखेतूनच बाहेर सोडण्याची ही शिस्त काही अंशी कायद्यानेच लावली. खासगी जाळ्यावरून मुंबईचा कॉल नागपूरला नेऊन तिथे सार्वजनिक फोनवर सोडणे म्हणजे टोल बायपास, आणि त्याला मनाई. असे कॉल अडवण्यासाठी सिस्कोने आपल्या प्रणालीत ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ आणले. परिणामी शाखाशाखांत स्थानिक लाइनी टिकल्या. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरांसाठीचे नियम सैल केले. क्लाउडची हवा आल्यावर मात्र खर्च कापताना पहिली कात्री याच लाइनींवर चालते, हे आम्हा टेलिफोनवाल्यांचे दुखणे.

महिनोन्महिने न वाजणारी लाइन बिल थकून केव्हा मेली, हे कुणालाच कळत नाही. म्हणून कामाची वेळ संपल्यावर शाखेच्या राउटरची मुख्य कार्यालयाकडे जाणारी केबल हाताने काढायची, मोबाइलवरून ०७१२चा नंबर लावायचा आणि किती सेकंदांनी कोणते टेबल वाजते ते वहीत टिपायचे.