ऊती, बाफ्त, टिश्यू

दंतवैद्यक म्हणजे चार वर्षे दाढा काढायला शिकणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. २०२२ साली आमच्या धाकट्या बहिणीला बी.डी.एस.ला प्रवेश मिळाला, तेव्हा मुबारकबाद द्यायला आलेल्या शेजारणींनीही पहिले हेच विचारले की, आता मोहल्ल्यातल्यांच्या दाढा फुकटात निघणार ना? पण या अभ्यासाचा बराच मोठा भाग दातांच्या वाटेला जातच नाही. दुसऱ्या वर्षी जनरल पॅथॉलॉजी येते, तिसऱ्या वर्षी ओरल पॅथॉलॉजी. मराठीत ते विकृतिशास्त्र, उर्दूत इल्मुल-अमराज. रोग बाहेर दिसू लागण्याआधी शरीराच्या आत काय करून ठेवतो, ते सांगणारा हा विषय आहे.

आम्ही सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. या विषयाशी आमचा काही संबंध येण्याचे कारण नव्हते. पण धाकटीही दहावीपर्यंत उर्दू माध्यमातच शिकलेली. परीक्षेआधीच्या सुट्टीत ती घरी यायची ती दोन जाडजूड इंग्रजी पुस्तके घेऊन, आणि रात्री जेवणे आटोपली की म्हणायची, "आपा, तुम्ही विचारा, मी सांगते." अशा रीतीने आम्ही दोघी पॅथॉलॉजी शिकू लागलो. परीक्षा मात्र तिची एकटीची होती.

त्यासाठी एक दोनशे पानी वही केली. पानावर तीन रकाने पाडले. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात मराठी. सेल, खलिया, पेशी. न्यूक्लिअस, मरकजा, केंद्रक. शब्द घरचा झाला की अर्थ निसटत नाही, हा आमचा शिक्षकी अनुभव. मग काही जागी या वहीने आम्हालाच शिकवले. कॅन्सरसमोर उर्दूत सरतान लिहिले आणि मराठीत कर्करोग. सरतान म्हणजे खेकडा, कर्क म्हणजेही खेकडा, आणि कार्सिनोमा हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही अर्थ खेकडाच. तीन भाषांनी या रोगाला एकाच प्राण्याचे नाव दिले आहे. टिश्यूचेही तसेच. इंग्रजीतला शब्द फ्रेंचमधून आला, अर्थ विणलेले. उर्दूतले बाफ्त फारसीतून आले, तेही विणलेले. मराठीत ऊती, आणि संस्कृतात ऊतिचा एक अर्थ विणणे हाच आहे. सोलापुरात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलींना हे सापडल्यावर आनंद व्हायचाच. आमच्या अंगात कापड आहे, हे तीन भाषा सांगत होत्या.

जनरल पॅथॉलॉजीचा पाया जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्कोने घातला. रोग पेशीत असतो आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे त्याने १८५८ साली आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात मांडले. त्याच्याही फार आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. धाकटी ती लॅटिनमध्ये घोकत होती. अम्मीने भांडी लावता लावता विचारले, कसले वजीफे चाललेत? आम्ही उर्दूत सांगितले: सुर्खी, सूजन, हरारत, दर्द. अम्मी म्हणाल्या, "गळू झालेल्या कुठल्याही पोराची आई हे सांगेल. त्याला कॉलेज कशाला?" खरेच होते. पाचवे लक्षण पुढे जोडले गेले: त्या अवयवाचे काम बंद पडणे.

सर्वांत जास्त गोंधळ चार शब्दांनी घातला. हायपरट्रॉफी, हायपरप्लेझिया, मेटाप्लेझिया, डिस्प्लेझिया. ऐकायला चारही सख्खी भावंडे. शेवटी आम्ही वर्गाचे उदाहरण घेतले. मुलांची संख्या तीच, पण प्रत्येक मूल आडवे वाढले, ती हायपरट्रॉफी. मुले तेवढीच, पण पटावरची संख्या वाढली, ती हायपरप्लेझिया. आठवी अच्या बाकांवर दुसऱ्याच तुकडीची मुले येऊन बसली, ती मेटाप्लेझिया. आणि शिस्त मोडली, कोणी लहान, कोणी अवाढव्य, कोणी बाकावर उभे, कोणी बाकाखाली, पण अजून सारे वर्गाच्या चार भिंतींत, ती डिस्प्लेझिया. पेशींच्या थराखाली एक पातळ पडदा असतो. तो फोडून पोरे बाहेर पडली की मग कर्करोग. "म्हणजे दार मोडण्याआधी हेडमास्तरांनी पोचायला पाहिजे," धाकटी म्हणाली. तोंडाच्या रोगांचा अर्धा अभ्यास या एका वाक्यात आहे, हे तिसऱ्या वर्षी कळले.

हे सारे पाहायचे कसे, तर स्लाइडवर. तोंडातून काढलेला ऊतीचा बारीक तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. मग अल्कोहोलने त्यातले पाणी काढतात, झायलिनने अल्कोहोल काढतात आणि वितळलेल्या मेणात तो बसवतात. थंड झालेल्या मेणाच्या ठोकळ्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग एका झाडाच्या गाभ्यातून निघतो, त्याने केंद्रके निळी-जांभळी होतात. इओसिनने बाकीचे गुलाबी. विद्यार्थ्यांना ही चित्रे जर्नलमध्ये हाताने काढावी लागतात. त्यामुळे धाकटीच्या पेटीत बाकीच्या पेन्सिली नव्या कोऱ्या आणि गुलाबी व जांभळी बोटभर उरलेल्या. शाळेसाठी पेन्सिली घेताना आम्ही त्या दोन रंगांच्या सुट्या आणायला लागलो.

तिसऱ्या वर्षी शेफर आला. विल्यम शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे ओरल पॅथॉलॉजीचे पुस्तक १९५८ साली अमेरिकेत प्रथम निघाले. आमच्या घरी आलेली प्रत भारतीय प्राध्यापकांनी संपादित केलेल्या आवृत्तीची होती. आम्हाला वाटले होते, आता परदेशी माणसांचे परदेशी रोग. एका रात्री धाकटीने ओरल सबम्युकस फायब्रोसिसचे पान उघडले. त्यात लिहिलेली माणसे आमचीच निघाली. १९५२ साली श्वार्ट्झने हा विकार प्रथम नोंदवला, तो केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी तो इथल्या रुग्णांत नोंदवला. या रोगाची जी व्याख्या आजही विद्यार्थी पाठ करतात, ती १९६६ सालची, डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांची. मुंबईत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका बाईंचे नाव धाकटीच्या परीक्षेच्या उत्तरात येणार होते. आम्ही ते वहीत लाल शाईने लिहिले.

पुढे लक्षणे होती. तिखट खाल्ले की आग होते. गालाच्या आतली त्वचा फिकट, संगमरवरासारखी होते. हळूहळू तोंड उघडेनासे होते, शीळ वाजत नाही, जीभ नीट बाहेर येत नाही. कारण सुपारी. सुपारीतले अरेकोलीन कोलॅजेनचे धागे बनवणाऱ्या पेशींना डिवचते. सुपारीतली टॅनिन ते धागे इतके पक्के करते की शरीराला ते मोडता येत नाहीत. धागे वाढत जातात आणि विरत नाहीत. धाकटी वाचता वाचता थांबली. आम्ही एकमेकींकडे पाहिले. नाव दोघींच्याही मनात एकच होते, मामूंचे.

मामू बावीस वर्षे टॉवेलच्या मागावर आहेत. रातपाळीला झोप येऊ नये म्हणून मावा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोळून दिवसाला सात-आठ पुड्या. गेल्या दोन ईदींना ते शीरखुर्मा पीत, पण बोटी हाताने कुस्करून खात. घरात सगळे म्हणत, अंगात गरमी झाली आहे, गुलकंद खा.

दुसऱ्या दिवशी धाकटीने आमच्या कंपासपेटीतली पट्टी उकळलेल्या पाण्याने धुतली आणि मामूंना अंगणात उजेडाला बसवले. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजले. साधारणपणे ते पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर असते. मामूंचे बावीस भरले. मामू म्हणाले, "क्या निकला, बेटा?" तिने पुस्तकातले काही सांगितले नाही. मागाच्या भाषेत सांगितले. टॉवेल मऊ असतो, कारण त्यात फुगलेले फंदे असतात आणि बाना मोकळा असतो. तोच बाना ठोकून ठोकून दाट केला, फंदे गेले, तर कापड ताणले जाईल का? मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंजे टॉवेल की ताडपत्री हो गई, बोल."

त्यापुढची गोष्ट इतकी सोपी नव्हती. या रोगात पेशींची शिस्त बिघडली आहे का, हे तुकडा काढून पाहावे लागते. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा सतरा वर्षे पाठपुरावा झाला, आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग झालेला आढळला. मामूंनी तुकडा काढायला साफ नकार दिला. सुई किंवा सुरी लागली की सरतान पसरतो, असे त्यांच्या कारखान्यात सगळेच मानतात. त्यांची समजूत घालायला तीन आठवडे लागले. धाकटीने आपले जर्नल आणले, गुलाबी-जांभळी चित्रे दाखवली, तुकडा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा असतो हे सांगितले. अखेर मामू अम्मींमुळे तयार झाले. अम्मी इतकेच म्हणाल्या, "कापड खराब निघालं तर तूही नमुना फाडून बघतोसच ना?"

अहवालाची वाट पाहण्याचे आठ दिवस घरात कोणी पॅथॉलॉजीचे नाव काढले नाही. अहवाल आला तो सहा ओळींचा, इंग्रजीत. धाकटी वाचत होती आणि आम्ही वही उघडून बसलो होतो. कोलॅजेन दाट आणि काचेसारखे एकसंध झालेले, रक्तवाहिन्या कमी, वरचा थर पातळ. त्यात सौम्य डिस्प्लेझिया. कर्करोगाचा पुरावा नाही. पोरे बाकांवर उभी होती, दार शाबूत होते. मामूंना आम्ही हेच सांगितले.

झालेले धागे परत विरत नाहीत, ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली नाही. मावा सुटला, पण दोनदा पुन्हा सुरू होऊन मग सुटला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांत धरण्याचा व्यायाम ते मागाशेजारी उभे राहूनच करतात. वर्षभरात बावीसचे सव्वीस झाले. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे आणि ती चालूच ठेवावी लागेल.

अम्मींची मशेरी हा मात्र वेगळाच मामला आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू सकाळी हिरड्यांना लावल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. त्यांचे म्हणणे, हे व्यसन नव्हे, हे मंजन आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी २८.६ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात आणि २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेतात असे आढळले. आमच्या घरात ते प्रमाण कितीतरी जास्त होते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, पण मशेरी स्वयंपाकघरात भाजली जाते, तिथे कुठला इन्स्पेक्टर येणार? आता धाकटी दर सुट्टीत अम्मींचे तोंड बॅटरीने तपासते. पांढरा चट्टा कापसाने पुसला जातो की नाही, ते पाहते. पुसला न जाणारा चट्टा अजून दिसलेला नाही. अम्मी आता मशेरी दोनदाऐवजी एकदाच लावतात, तीही आमची पाठ फिरल्यावर.

यंदा धाकटी शेवटच्या वर्षाला आहे. वही आमच्याकडे राहिली. आठवीच्या वर्गात पेशी आणि ऊती शिकवताना आम्ही ती काढतो. मुलांना मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये बसतात का, ते पाहायला सांगतो. एवढ्यावरून रोग ठरत नाही, पण विचारायला कारण मिळते. एकेचाळीस मुलांपैकी तिघांची दोनच बोटे गेली. तिघांच्याही खिशात मीठ्या सुपारीच्या पुड्या होत्या. सुपारीत तंबाखू नसते, मग काय बिघडते, असे पालकांना वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. आम्ही तिघांच्या घरी उर्दूत चिठ्ठ्या लिहिल्या. दोघांना पालकांनी दंतरुग्णालयात नेले. तिसऱ्याचे वालिद शाळेत भांडायला आले, पोराला बदनाम करता म्हणून. आम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि तीन बोटांचा प्रयोग करून बघा म्हटले. त्यांनी करून पाहिला. मग चहा अर्धाच पिऊन त्यांनी रुग्णालयाचा पत्ता लिहून घेतला, स्वतःसाठीही.

वहीत डिस्प्लेझियासमोरचा उर्दू रकाना बरेच दिवस रिकामा होता. शाळेच्या पुस्तकात तो शब्द कुठून असणार? धाकटीने तिथे बेतरतीबी लिहिले. मुलांना तो लगेच समजतो. इंग्रजी शब्द पुढे त्यांच्यापैकी कोणाला लागला तर तो पहिल्या रकान्यात आहेच.