पाणी लागू देऊ नका

हा लेख आम्ही दोघी बहिणी मिळून लिहीत आहोत. थोरलीच्या भुवया गेल्या होत्या आणि धाकटीच्या जागेवर होत्या, एवढाच काय तो फरक. बाकी त्या दोन वर्षांत जे झाले ते दोघींचे झाले, म्हणून 'आम्ही' म्हणतो. असल्या विषयावर वार्षिकात लिहावे का, यावर घरात बरीच चर्चा झाली. मेहुण्यांचे म्हणणे, पार्लरच्या गोष्टी साहित्यात कशाला? अम्मी म्हणाली, लिहा, पण माझे नाव घालू नका.

आमचे माहेर खेड तालुक्यातले. थोरली मुंब्र्याला दिली, धाकटी मिरजेला. ऑगस्ट 2022 मध्ये थोरलीच्या छातीत गाठ निघाली. परळच्या फेऱ्या, शस्त्रक्रिया, मग केमोथेरपी. डोक्याचे केस जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि त्याची तयारीही झाली होती. आपल्याकडे डोक्यावर ओढणी असतेच. केस गेले ते घरातल्यांनाच ठाऊक, बाहेरच्या कोणाला कळले नाही. भुवया जातील हे मात्र कोणी बोलले नव्हते, किंवा बोलले असेल तर आम्ही ऐकले नव्हते. एका सकाळी वुजू करताना ओल्या तळव्याला उजवी भुवई चिकटून आली. आठवड्यात डावीही गेली, पापण्या गेल्या.

भुवई कशासाठी असते हे ती गेल्यावर कळते. एक तर पाणी. वुजूचे पाणी कपाळावरून थेट डोळ्यात उतरते, घामाचेही तेच. आणि दुसरे म्हणजे चेहरा. माणूस हसते, रागावते, नवल करते ते निम्मे भुवयांनी. थोरली बोलायची आणि समोरच्याला वाटायचे हिला काही वाटतच नाही. ओढणी कपाळावर खाली, आणखी खाली ओढायची सवय तिला तेव्हा लागली. लोक म्हणाले, आजारपणाने दीनदार झाली. आम्ही काही बोललो नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये केमो संपली. बहुतेकींच्या भुवया त्यानंतर काही महिन्यांत परत येतात. थोरलीच्या आल्या त्या विरळ आणि तुटक, शेतात पेरणी चुकावी तशा. पेन्सिलीने काढून पाहिल्या, पाच वेळच्या वुजूत पाच वेळा पुसल्या गेल्या. काकींनी मेंदी लावायला सांगितले. बाजारात काळी मेंदी म्हणून जी मिळते तिच्यात बहुधा केस काळे करायचे रसायन असते आणि त्याने चामडी भाजते. डोळ्यांपाशी तर ती नकोच. हे आम्हाला वेळीच कळले हे नशीब.

मायक्रोब्लेडिंगचे नाव धाकटीने काढले. बारीक सुयांची ओळ बसवलेले पेनासारखे हत्यार असते. त्याने कातडीत केसाएवढ्या चिरा देतात आणि त्यांत रंग बसवतात. रंग फार खोल जात नाही, म्हणून वर्ष-दीड वर्षात, कोणाचा तीन वर्षांत, फिका होत जातो. पहिल्या बैठकीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी करावी लागते. जिथे रंग धरला नाही तिथे पुन्हा भरतात, त्याला टच-अप म्हणतात.

म्हणजे गोंदणच की! अम्मीने पहिल्याच वाक्यात पकडले. आमच्या शेजारच्या काकूंच्या हनुवटीवर हिरवे ठिपके होते, हातावर तुळशीवृंदावन होते. लहानपणी आम्ही त्यावर बोट फिरवत बसायचो आणि घरी येऊन मार खायचो. गोंदणाऱ्या, गोंदवून घेणाऱ्या आणि भुवया उपटणाऱ्या बायांबद्दल हदीसमध्ये फार कडक शब्द आहेत, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. थोरली या एका गोष्टीवर चार महिने अडून बसली. मुंब्र्याच्या एका मौलानांनी पडद्याआडून विचारताच 'नाजायज' म्हणून विषय संपवला. दुसऱ्या एका वयस्कर आलिमांनी मात्र आधी आजाराची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग अरफजा नावाच्या सहाबींची गोष्ट सांगितली. लढाईत त्यांचे नाक गेले, चांदीचे बसवले तर ते सडू लागले, तेव्हा हुजूरांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. एरवी पुरुषाला सोने मना. नटण्यासाठी बदलणे वेगळे आणि गेलेले भरून काढणे वेगळे, असे त्यांचे मत. तरीही ते म्हणाले, यात उलमांचे एकमत नाही, तुम्ही आपल्या दिलाला विचारा. आम्ही फतवा देणाऱ्या नव्हे. झाले ते सांगतो आहोत. थोरलीने दिलाला विचारले आणि कर्करोगाच्या डॉक्टरांनाही विचारले. त्यांनी रक्ताची तपासणी पाहून हो म्हटले.

20 जानेवारी 2024 ला पहिली बैठक झाली, आणि त्यात जे बिघडले ते आमच्याच हाताने. पार्लरवालीने जखमेची काळजी दोन वाक्यांत सांगितली होती, दहा दिवस पाणी नको आणि हात नको. सहाव्या दिवशी उजव्या भुवईच्या शेपटाला एक खपली अर्धी सुटून लोंबत होती. दुसऱ्या दिवशी भाचीला बघायला पाहुणे यायचे होते. आमच्यापैकी एकीने चिमटा आणला आणि दुसरीने डोळे मिटले. खपली निघाली, तिच्याबरोबर टिपूसभर रक्त निघाले आणि रंगही निघाला. महिन्याने पाहिले तर शेपटाला तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी फट. चिमटा कोणाच्या हातात होता ते इथे लिहायचे नाही असे ठरले आहे. पण त्या रात्री तिने जेवण केले नाही.

म्हणून टच-अप. 2 मार्चला, शनिवारी, ठाण्याला दुसऱ्या एका बाईंकडे गेलो. या बाई कमी बोलणाऱ्या, पण एकेक गोष्ट दोनदा विचारणाऱ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत का, साखर आहे का, जुन्या जखमांचे व्रण फुगतात का. शस्त्रक्रियेचा व्रण त्यांनी मागून पाहिला. बधिर करायचे मलम लावून थांबलो. मग चिरांचा तो आवाज. दूरच्या घरात कोणी नारळ खवत असावे तसा. दुखते फार नाही, आवाजच जास्त लागतो.

या बाईंची पद्धत पहिलीच्या उलट निघाली. पहिलीचे म्हणणे, कोरडेच ठेवा. दुसरीचे म्हणणे, स्वच्छ ठेवा. पहिल्या दिवशी जखमेतून पिवळसर पाणी झिरपते, ते वाळले की जाड खपली धरते आणि जाड खपली पडताना रंग घेऊन जाते. म्हणून ते दर थोड्या वेळाने स्वच्छ गॉजने टिपायचे, पुसायचे नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हात साबणाने धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने आणि लहान मुलांच्या साबणाच्या फेसाने बोटांच्या टोकांनी हलकेच धुवायचे, टिपून कोरडे करायचे आणि मलम लावायचे. मलम किती? दोन्ही भुवयांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढे. चकाकी दिसली तर जास्त झाले. दोन्ही पद्धतींनी लोक बरे होतात म्हणे. पार्लरवाल्यांचेही मजहब असतात.

आमच्या घरातही दोन आहेत. आम्ही कोकणी, शाफई. मिरजेचे सासर हनफी. वुजूचे काय करायचे हा प्रश्न येताच दोन्हीकडून फोन सुरू झाले. अम्मीचे म्हणणे, बाकी चेहरा धुवायचा आणि जखमेच्या जागेबद्दल तयम्मुम करायचा, प्रत्येक फर्ज नमाजीला नव्याने. मिरजेच्या सासूबाई म्हणाल्या, "तयम्मुम कायकू? ऊपर से गीला हात फिराव बस. वो भी तकलीफ देता तो छोड देव." दोघींचेही आपापल्या जागी बरोबर. थोरलीने अम्मीचे ऐकले, एक मात्र स्वतः ठरवले, मातीचा हात ताज्या जखमेवर न्यायचा नाही. ओल्या कापडाने गाल, हनुवटी, कपाळाचा वरचा भाग. दोन बोटांची पट्टी तेवढी सुकी. रंग कातडीच्या आत असतो, नेलपॉलिशसारखा वर नसतो, म्हणून जखम भरल्यावर पाणी पोहोचते की नाही ही शंका उरत नाही. मलमाची शंका अम्मीने काढली होती. जखमेलाच सवलत आहे तर मलमाला का नसेल, असे थोरली म्हणाली, आणि तो फोन संपला.

पहिले तीन दिवस भुवया काळ्याकुट्ट, जाड. हे पहिल्या वेळी पाहून आम्ही हादरलो होतो, या वेळी ठाऊक होते. मिरजेहून आलेला सहा वर्षांचा भाचा दारातच ओरडला, "खाला शिनचॅन झाली!" थोरली हसली, आणि हसताना भुवया ताणल्या म्हणून कळवळली.

चौथ्या दिवसापासून खाज. ही खाज सांगून कळायची नाही. ओरबाडता येत नाही, चोळता येत नाही. स्वच्छ कापडात गुंडाळलेला गार चमचा भुवईच्या वर, कपाळाला लावायचा, भुवईला नव्हे. रात्री उताणे झोपायचे. थोरलीला उजव्या कुशीची सवय, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना उशा रचून मध्ये तिला ठेवले. धाकटी शेजारी जागी. केमोच्या रात्रीही असेच होते, फक्त तेव्हा उशीखाली उलटीची पिशवी असायची. हे दोघींनाही आठवले आणि दोघीही बोललो नाही.

ओढणीचा त्रास वेगळा. काठ नेमका भुवईवर घासतो. जुन्या सुती ओढणीचा काठ काढून टाकला आणि ती बोटभर मागे घेऊन पिन लावली. दीड वर्षाने थोरलीचे कपाळ उघडे दिसले, ते असे, खपल्यांच्या दिवसांत. आणि स्वयंपाकघर! घाम नको, वाफ नको, चुलीची धग नको असे बाईंनी बजावले होते. सातव्या दिवशी दीर जेवायला आले. बिर्याणीचा दम उघडायचा मान घरात थोरलीचा. सवयीने ती झाकणाला हात घालायला गेली आणि धाकटीने तिला कमरेला धरून मागे ओढले. झाकण मेहुण्यांनी काढले, उलट्या बाजूने, बोटे भाजून घेतली. पार्लरच्या गोष्टी साहित्यात नकोत म्हणतात ते बहुधा यासाठीच.

खपल्या या वेळी पापुद्र्यासारख्या पातळ निघाल्या, आपोआप, उशीवर. टच-अपला जखम थोडी असते, भरतेही लवकर. चिमटा कुलपात होता. लाली वाढत गेली, पू दिसला, ताप आला तर पार्लर नव्हे, डॉक्टर, असे बाईंनी सांगून ठेवले होते. केमो झालेल्या बाईने हे हलके घेऊ नये. त्यातले काही झाले नाही.

झाले ते नवव्या दिवशी. खपल्या संपल्या आणि खाली काही नाही. राखाडी सावली तेवढी. उजवे शेपूट तर पुन्हा पांढरे. थोरली आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गेल्या गं पुन्हा." आजारपणात, शस्त्रक्रियेच्या दिवशीही ती रडली नव्हती. त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडली. आम्हाला माहीत होते की असे होते. नवी कातडी वर धरते, ती दुधी असते, तिच्याखाली रंग दिसत नाही. ती मुरायला चार-सहा आठवडे जातात, मग रंग वर येतो. पहिल्या वेळीही असेच झाले होते. पण माहीत असणे आणि आरसा पाहणे यांत फार अंतर आहे. एकदा हातात भुवई आलेल्या बाईला 'थांब, परत येईल' म्हणणे सोपे नाही. धाकटी मोरीच्या दाराबाहेर उभी राहून एवढेच म्हणाली, "तोंडावर पाणी मारू नकोस."

11 मार्चच्या संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला. बाईंना फोन केला, त्यांनी फोटो मागवला आणि पाणी लावायला मोकळीक दिली. साबण सौम्य, चोळणे नाही, ऊन नाही, चेहरा उजळायची कोणतीही क्रीम त्या जागी नाही. कातडी पुरती भरली की उन्हाची क्रीम, नाहीतर रंग विटतो. आणखी एक सांगितले, ते सगळ्यांना उपयोगाचे आहे. एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा. या रंगांत काही वेळा लोहाचे अंश असतात, क्वचित कोणाला तिथे चटका बसल्यासारखे होते किंवा सूज येते. तपासणी टाळायची नाही, सांगायचे फक्त. थोरलीने ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. तिची फाईल अजून बंद झालेली नाही.

रमजानभर आम्ही रोज फोनवर बोललो, भुवयांबद्दल मात्र विचारायचे नाही असे धाकटीने ठरवले होते. विसाव्या रोज्याच्या सुमारास थोरलीनेच फोटो पाठवला, उजव्या शेपटाचा, इतक्या जवळून की तो कशाचा आहे तेच आधी कळेना. फटीत तीन बारीक रेघा उतरल्या होत्या.

11 एप्रिलला ईद झाली. खेडला सगळे जमलो. थोरली ओढणी मागे घेऊन बसली होती. अम्मीने शीरखुर्म्याची वाटी तिच्या हातात दिली, अंगठ्याने तिची उजवी भुवई पुसून पाहिली, अंगठा उजेडात धरून पाहिला. काही लागले नव्हते. "असू दे," म्हणाली, आणि दुसरी वाटी भरायला गेली.

दुपारी जोहरच्या वुजूला दोघी परसात बसलो होतो. थोरलीने ओंजळ तोंडावर घेतली, आणि पाणी त्या नव्या भुवयांवरून सरळ तिच्या डोळ्यात उतरले. रेघाच त्या, केस थोडेच आहेत. "हे काही थांबत नाही बघ," ती म्हणाली आणि डोळे मिचकावत पदर शोधू लागली. धाकटीने आपला पुढे केला.