यंत्रांची पायरी

'पायरी' हा शब्द आपल्या भाषेत जरा बोचराच आहे. घरात, कचेरीत, पंगतीत ज्याने त्याने आपली पायरी ओळखून असावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पायरीचा दगड देवळाचाच असतो. पण लोक त्याच्यावर पाय देऊन पुढे जातात. तेव्हा संगणकांनाही पायऱ्या ठरवून दिलेल्या असतात, आणि माझा संगणक त्या पायरीवरून खाली उतरवला गेला आहे, असे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले त्या वेळी माझे कान टवकारले गेले.

माझा संगणक ही काही मिरवण्याजोगी वस्तू नव्हे. एका दुकानदाराने अडगळीत टाकलेला, तो मी मागून आणला. मी मराठी शिकवणारा मॅट्रिक मास्तर. मला त्याच्याकडून कादंबरी टाइप होण्यापलीकडे काही नको होते. त्या विद्यार्थ्याने त्याच्यावर 'फ्रीबीएसडी' नावाची कार्यप्रणाली बसवून दिली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला दिवाणजी समजा. हा दिवाणजी फुकट मिळतो, आणि त्याच्या चोपड्या कुणालाही उघडून पाहता येतात, सुधारताही येतात. जगभर विखुरलेली माणसे त्याला घडवतात, आणि त्यांतली पुष्कळशी पदरमोड करून. त्या यंत्रावर माझ्या दोन कादंबऱ्या झाल्या.

"सर, तुमचे यंत्र आता पहिल्या पायरीवर नाही," तो फराळाला आला असता म्हणाला.

"मग कुठे आहे?"

"आधी दुसरीवर गेले. आता नव्या आवृत्तीत तर त्याला पायरीच उरली नाही."

"का रे? चालते आहे की अजून!"

"चालते हो सर. पण चालणे निराळे आणि त्याची जबाबदारी कुणी घेणे निराळे."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मी त्याला खोदून खोदून विचारले, आणि चकलीबरोबर ते सारे शास्त्र ऐकून घेतले.

फ्रीबीएसडीच्या पायऱ्या तीन. पहिल्या पायरीवरच्या यंत्राला सारे तयार मिळते. कार्यप्रणालीत चोराला शिरण्याजोगे भोक सापडले, तर ते बुजवणारी दुरुस्ती करून, बांधून घरपोच येते. हजारो प्रोग्राम तयार ठेवलेले असतात, आणि काल चालणारा प्रोग्राम उद्याच्या सुधारणेने बंद पडू नये याची काळजी वाहिली जाते. दुसऱ्या पायरीवरच्याला दुरुस्ती मिळते, पण लिहिलेल्या रूपात; ती यंत्रात उतरवण्याचे काम बहुधा त्याचे त्याला करावे लागते. दिवाळीच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्याला लाडवांचा डबा आणि दुसऱ्याला पाककृती. तिसरी पायरी प्रयोगाची. तिथे नुकतीच आलेली यंत्रे असतात आणि जायला निघालेली म्हातारी यंत्रेही असतात. नातवंडे आणि आजोबा एकाच ओटीवर बसावेत तशी ती बसतात, आणि दोघांनाही कसलेच वचन नसते. त्याच्याही पलीकडे जे आहे, त्याला आधार नाही असे सरळ म्हणतात.

या पायऱ्या कोण ठरवतो? एक नऊ जणांचे मंडळ आहे. फ्रीबीएसडीत थेट लिहिण्याचा अधिकार ज्यांना मिळालेला असतो, ते दर दोन वर्षांनी मतदान करून त्याला निवडतात. सुरक्षा पाहणारे, आवृत्त्या काढणारे आणि कंपायलर सांभाळणारे यांना विचारून ते मंडळ यंत्राला वर घेते किंवा खाली उतरवते. वर चढण्याचा नियम मला फार आवडला: त्या पायरीची जेवढी वचने आहेत, तेवढी सारी आधी पुरी झाली पाहिजेत. आमच्याकडे पोरगा चार गुणांनी अडला तर ग्रेसचे गुण देऊन त्याला वर ढकलतात. इथे ग्रेस नाही. कारण ही पायरी यंत्राच्या हुशारीची नव्हेच. ती राबणाऱ्या माणसांनी दिलेल्या वचनाची आहे. वचन पाळायला हात नसतील, तर यंत्र कितीही गुणी असले तरी खालीच.

सनचे स्पार्क६४ हे त्याचे उदाहरण. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलीत उतरवणारा जो दुभाषा, त्याला कंपायलर म्हणतात. फ्रीबीएसडीच्या घरात २००७ सालचा एक जुना दुभाषा बसून होता, आणि स्पार्कची बोली त्यालाच चांगली येत होती. नव्या दुभाष्याला ती पुरती शिकवायला कुणी पुढे आले नाही. २०२० साली जुन्याला निरोप दिला, आणि त्याच्या मागोमाग स्पार्कलाही जावे लागले. गावच्या शाळा पट कमी झाला म्हणून मिटताना आपण पाहतो. पण इथे शाळा मिटली ती मास्तर न मिळाल्याने.

आता माझ्या यंत्राच्या घराण्याकडे येतो. त्याचे नाव आय३८६. इंटेलची ३८६ ही चिप १९८५ साली निघाली. तिच्यासाठी विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने बर्कली विद्यापीठातली जुनी प्रणाली उतरवली आणि १९९२ साली '३८६बीएसडी' या नावाने लोकांना दिली. तिच्यातूनच १९९३ साली फ्रीबीएसडी जन्माला आली. म्हणजे हे घराणे तिचे जन्मघरच. मूळ ३८६ चिपचा आधार २००५ सालच्या सहाव्या आवृत्तीतच सुटला होता. पण तिच्या वंशजांनी आडनाव चालवले, जसे आपल्याकडे पाटीलकी गेली तरी पाटील राहतात.

या घराण्याचे दुखणे ३२ बिटांचे. ३२ बिटांत मावणारा पत्ता चार गिगाबाइटांपर्यंतच पोचतो; त्यापलीकडची मेमरी एका प्रोग्रामला हाताळता येत नाही, आणि आजचे मोठे प्रोग्राम नुसते तयार करायलाही तेवढी जागा पुरेनाशी झाली आहे. त्याहून विचित्र दुखणे घड्याळाचे. ही यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि ३२ बिटांची ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. फ्रीबीएसडीने बाकीच्या यंत्रांना सेकंद मोजायला ६४ बिटांची जागा दिली. एकट्या आय३८६ला देता आली नाही, कारण तसे केले असते तर त्याचे सारे जुने प्रोग्राम मोडले असते, आणि ते मोडू देणार नाही हेच तर पहिल्या पायरीचे वचन होते! कादंबरीकाराला असे कथानक सुचले असते तर संपादकांनी फार ओढूनताणून आणले म्हणून परत पाठवले असते.

एप्रिल २०२१ मध्ये तेरावी आवृत्ती आली. तीत आय३८६ दुसऱ्या पायरीवर उतरले, आणि त्याच आवृत्तीत आर्म६४ पहिल्या पायरीवर चढले. ते २०१६ साली दुसऱ्या पायरीवर आले होते. लागतील ती सारी वचने पुरी व्हायला पाच वर्षे गेली. एका पंगतीत एकाचे पान उचलले आणि दुसऱ्याचे मांडले. मला वाईट वाटले, ते मी लपवत नाही. निर्णय बरोबर होता, हेही तितकेच खरे. ज्याची काळजी घ्यायला माणसेच उरली नाहीत, त्याला पहिल्या पायरीवर बसवून ठेवणे ही शुद्ध फसवणूक झाली असती. भोक पडायचे आणि म्हाताऱ्याला वाटत राहायचे की कुणीतरी बुजवते आहे.

नेटबीएसडी ही तिची बहीण जरा निराळ्या स्वभावाची. १९७७ साली निघालेल्या व्हॅक्स यंत्रालाही तिच्या घरात अजून थारा आहे. तिच्याही पायऱ्या तीनच. पण शेवटचीला तिने नाव दिले आहे ते कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रोग्याचे. नाव जरा निर्दय खरे, पण त्यात लपवाछपवी नाही.

फ्रीबीएसडीने निरोप दिला तो मात्र रीतीने. ३२ बिटांची यंत्रे हळूहळू सोडणार, हे २०२४ साली जाहीर केले. डिसेंबर २०२५ मध्ये पंधरावी आवृत्ती निघाली, तीत आय३८६साठी स्वतंत्र प्रणाली नाही. त्याचे जुने प्रोग्राम ६४ बिटांच्या यंत्रावर चालवण्याची सोय तेवढी ठेवली आहे. पहिल्या पायरीवर आता एएमडी६४ आणि आर्म६४ अशी दोनच घराणी बसतात. रिस्क-पाच नावाचे नवे पोर दुसऱ्या पायरीवर वाट पाहते आहे. चौदाव्या आवृत्तीच्या शाखेची मुदत ३० नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे, आणि तोवर माझ्या यंत्राला दुसऱ्या पायरीची पाककृती मिळत राहील. तेवढ्या काळात तिसरी कादंबरी पुरी करावी असे मनात आहे; पण नायकाचे आणि त्याच्या बापाचे अजून पटत नाही.