पिशवी काढायच्या आधी

ऊस तोडायला गेलेली बाई पाळीत घरी बसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक जरी फडात उतरलं नाही, तरी मुकादम खाडा धरतो आणि ते पैसे उचलीवर, म्हणजे आधी घेतलेल्या आगाऊ रकमेवर, चढतात. लग्नानंतर मीही हे केलंय. अंधारात फडात शिरायचं, दिवसभर वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कापड बदलायला आडोसा उसाचाच. पाचटानं चिरलेल्या मांड्यांवर ओलं कापड घासून कातडं सोलून निघायचं. धुतलेलं कापड कोपीत लुगड्याखाली वाळायचं, त्याला ऊन कधी मिळालंच नाही. मग खाज, अंगावरून पांढरं जाणं. अशा बाईला कुणी म्हटलं, "गर्भाशयाची पिशवी काढ, कटकट जाईल," तर ती का नाही ऐकणार?

माझी धाकटी जाऊ अशीच तयार झाली होती. वय बत्तीस. पाळी दहा-दहा दिवस थांबायची नाही. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी करून सांगितलं, गाठ आहे, कॅन्सर होईल. ऑपरेशनसाठी मुकादमाकडून जादा उचल घ्यायचंही ठरलं. मी तोवर आशा कार्यकर्ती झाले होते. म्हटलं, "आधी सरकारीत दाखवू, मग काय ते ठरव."

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी तिला जे विचारलं, ते तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. किती दिवसांनी येते? कापड किती वेळात भिजतं? रक्ताच्या गाठी पडतात का? जाऊ माझ्याकडं बघत हळूहळू बोलायला लागली. पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी यावी, सात दिवसांच्या आत थांबावी. तासातासाला कापड भिजणं हा आजार आहे, बाईचं नशीब नाही, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं 7.2. बाईला 12 तरी हवं. तिला धाप लागायची ती आम्ही सगळे कामाची समजत होतो!

गाठ होती, पण लहान. अशा साध्या गाठीचा कॅन्सर क्वचितच होतो. गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी झाली. जंतुसंसर्गावर औषध, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या, शिरेतून लोह आणि नंतर लोहाच्या गोळ्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या.

"आणि पिशवी?" जावेनं विचारलं.

"या वयात अंडाशयांसकट काढली, तर अंगाची आग, घाम, हाडं ठिसूळ होणं आत्ताच सुरू होईल. मग कोयता कसा उचलशील?"

2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. काहींना ती खरंच काढावी लागली असेल. पण माझ्या जावेसारख्या किती जणींना हे साधे तीन प्रश्न कुणी विचारलेच नसतील, या विचारानं मला आजही संताप येतो. आता मी टोळ्या निघायच्या आधी घरोघरी जाऊन तेच प्रश्न विचारते. सासू समोर बसली असली, तरी विचारते.

जावेची पाळी पाच-सहा दिवसांवर आली. चढावर जाऊ आता धाप लागून थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखतं, तरी फडात उतरावंच लागतं. त्या एका दिवसाचा खाडा धरू नका, असं मी मुकादमाला तोंडावर सांगितलंय. त्यानं ऐकलेलं नाही. यंदा उचल वाटताना सगळ्या बायकांना घेऊन पुन्हा सांगणार आहे.